पातिनीर की ब्लेस? घुबड शेवटी बघा

उंचावरून दिसणारा अफाट प्रदेश, सुळक्यांसारखे खडक, क्षितिजापाशी निळी खाडी आणि या सगळ्यात बोटाएवढा संत जेरोम किंवा इजिप्तकडे निघालेली मेरी. १६व्या शतकातलं असं फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचं) चित्र मठात सापडलं की बहुतेकदा दोनच नावं पुढे येतात: योआकिम पातिनीर आणि हेरी मेट डे ब्लेस. दोघेही म्यूज नदीकाठच्या दिनाँ-बुव्हीन परिसरातले आणि दोघांचंही नाव अँटवर्पशी जोडलेलं. पातिनीर १५१५ मध्ये तिथल्या चित्रकार संघात दाखल झाला आणि १५२४ मध्ये वारला. संघाच्या नोंदीत १५३५ मध्ये 'हेरी डे पातिनीर' असं नाव येतं. तो ब्लेसच, असं सहसा धरलं जातं. काका-पुतण्याचं नातं मात्र गृहीतकच आहे.

दोघांच्या काळातल्या या फरकामुळे तपासाची सुरुवात रंगापासून न करता, चित्र ज्या लाकडी फळीवर रंगवलंय त्या फळीपासून करावी. फळी सहसा बाल्टिक ओकची असते. तिच्या कडेवरच्या वार्षिक वलयांची रुंदी मोजून ती सालं माहीत असलेल्या वलयांच्या क्रमाशी जुळवायची. समजा शेवटचं वलय १५०९ चं निघालं. बाहेरचं कोवळं लाकूड सुतार तासून टाकत, म्हणून त्यासाठी किमान ९ वलयं धरायची आणि सुकवणुकीसाठी किमान २ वर्षं. म्हणजे चित्र १५२० च्या आधीचं नाही. कोवळ्या लाकडाची सरासरी १५ वलयं धरली, तर तेच गणित १५२६ वर जातं आणि पातिनीर तर १५२४ मध्येच गेलेला! अशा निकालाने पातिनीर बाद होत नाही, पण ठरतही नाही. शेवटचं वलय १५१४ किंवा त्यानंतरचं निघालं, तर मात्र तो बाद. वलयं एखाद्याला वगळू शकतात, कोणाच्या नावावर शिक्का मारत नाहीत.

फळी हातात आहे तोवर चारही कडा बघून घ्या. अस्तराचा लेप देताना फळी चौकटीच्या खाचेत बसवलेली असे, त्यामुळे लेपाच्या काठावर बारीक उंचवटा उरतो. तो चारही बाजूंना असेल तर चित्र मूळ मापाचं आहे. कोनाड्यात किंवा वेदीवर बसवण्यासाठी एखादी बाजू कापलेली असेल, तर 'क्षितिज किती उंच' हे मोजमाप निरुपयोगी ठरतं, आणि नेमक्या याच मापावर लोक भिस्त ठेवतात.

शैलीतला फरक खरा आहे, पण नाजूक. पातिनीरचे तीन पट्टे ठळक दिसतात: पुढे तपकिरी, मध्ये हिरवा, मागे निळा, वर सपाट क्षितिज आणि त्याला लागून उजळ पांढरी रेघ. ब्लेसकडे हे पट्टे एकमेकांत विरघळतात, खडक पुढे झुकतात, कमानी होतात आणि वाटांवर माणसांची वर्दळ वाढते. घोटाळा होतो तो तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगामुळे. हा पारदर्शक थर शतकांत तपकिरी पडतो, मग मधला पट्टा पुढच्यात मिसळतो आणि पातिनीर ब्लेससारखा दिसू लागतो. त्यावर पिवळं पडलेलं व्हार्निश आणि मेणबत्त्यांची काजळी चढली, तर निळाही हिरवट होतो. म्हणून व्हार्निश न काढता पट्ट्यांवर मत देऊ नये. आकाशात प्रशियन निळा सापडला, तर तो भाग १८व्या शतकातला किंवा नंतरचा, म्हणजे डागडुजीचा.

आकृत्यांवरून ठरवणं त्याहून धोक्याचं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या पातिनीरच्या 'संत अँथनीचा मोह' या चित्रात आकृत्या अँटवर्पचाच चित्रकार क्वेंटिन मासैस याच्या आहेत. एस्कोरियाल या स्पेनमधल्या राजमठाच्या १५७४ च्या यादीतच तसं नोंदलंय. जर्मन चित्रकार ड्यूररनेही १५२१ मध्ये पातिनीरसाठी राखाडी कागदावर चार संत क्रिस्टोफर काढून दिले. एस्कोरियालमध्ये पातिनीरचं क्रिस्टोफरचं चित्र आजही आहे. तेव्हा संताचा चेहरा वेगळ्या हातचा वाटला, म्हणून निसर्गही दुसऱ्याचा ठरत नाही. अवरक्त छायाचित्रात आकृत्यांखाली ठिपक्यांच्या ओळी दिसल्या, तर छिद्रं पाडलेल्या कागदावरून नक्कल उतरवली आहे. ब्लेसच्या कार्यशाळेत ही रीत होती. फक्त साध्या कॅमेऱ्याला निळ्या-हिरव्याच्या आरपार दिसत नाही. त्यासाठी १.७ मायक्रॉनपर्यंत पाहणारा डिटेक्टर लागतो, नाहीतर 'खाली रेखाटन नाही' हा निष्कर्ष फसवा.

आता घुबड. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरने १६०४ मध्ये लिहिलं की ब्लेस चित्रात घुबड लपवतो. इटलीत त्याला 'चिवेत्ता', म्हणजे घुबडच, म्हणत. पण त्याआधीचा चित्रकार बॉश याच्या चित्रांतही घुबडं बसलेली आहेत, आणि किंमत वाढावी म्हणून कोणी नंतर रंगवूनही ठेवू शकतो. भिंगाखाली पाहावं: रंगाच्या जुन्या तडा घुबडातूनही जातात, की घुबडाचा रंग तडांत भरलाय? अतिनील दिव्याखाली नवी भर गडद दिसते. घुबड नसणं तर कशाचाच पुरावा नाही.

फळी १५३० नंतरची, रचना पातिनीरची, ठिपके नाहीत आणि घुबड नंतरचं, असं निघालं, तर पाटीवर ब्लेस लिहू नये. लुकास गासेल, कॉर्नेलिस मासैस हेही याच धाटणीत काम करत होते. तिथे 'पातिनीरचा अनुयायी, अँटवर्प' एवढंच लिहावं.