बारा व्होल्ट वाटेत कुठे सांडतात?

गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, डिचोली या भागांत बंद घरं पुष्कळ. माणसं मुंबईला, पुण्याला नाहीतर आखातात. घर उघडतं ते चवथीला, फार तर शिगम्याला किंवा जत्रेला. अशा घरांवर आता कॅमेरे आले आहेत. एक पडवीवर, एक मागच्या दारी आणि एक दूर, कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, गेटावर. मोबाईलवरून घर पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा या तिसऱ्याबद्दलच असते. दिवसभर चित्र स्वच्छ, काळोख पडला की गायब. पडद्यावर ‘व्हिडिओ लॉस’. मध्येच येतं, परत जातं, आणि सकाळी सगळं ठीक. कॅमेरे बसवणारा माणूस येतो तो दिवसा, त्यामुळे त्याला काही सापडत नाही. शेवटी ‘कॅमेरा गेला’ असं ठरतं आणि नवा बसतो. तोही रात्री तेच करतो.

कारण बिघाड कॅमेऱ्यात नसतोच, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत असतो. आणि ती वीज नेमकी रात्रीच का कमी पडते, हे शाळेत शिकलेल्या एका समीकरणाने सुटतं.

अंधार पडला की कॅमेऱ्यातला प्रकाश ओळखणारा बारीक घटक जागा होतो आणि लेन्सभोवतीचे अवरक्त एलईडी पेटतात. बहुतेक कॅमेऱ्यांत या प्रकाशाची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असते. आपल्याला तो जवळजवळ दिसत नाही. एलईडींकडे रोखून पाहिलं तर मंद तांबडे ठिपके तेवढे दिसतात. त्याच वेळी लेन्समागचा अवरक्त किरण अडवणारा फिल्टर बाजूला सरकतो, त्याचा ‘टक्’ असा आवाज जवळ उभं राहिल्यास ऐकू येतो. या एलईडींना वीज लागते. दिवसा समजा ०.२ अँपिअरवर चालणारा कॅमेरा आता ०.४५ अँपिअर मागू लागतो.

इथे गेऑर्ग ओम यांचा १८२७ सालचा नियम कामाला येतो. तारेतून विद्युतधारा वाहते तेव्हा धारा गुणिले रोध एवढे व्होल्ट तारेतच खर्च होतात. कॅमेऱ्यांसाठी चित्र आणि वीज एकत्र नेणारी जी ‘थ्री प्लस वन’ केबल सर्रास वापरतात, तिच्यातल्या विजेच्या तारा बऱ्याचदा फार बारीक असतात. ०.२ चौरस मिलिमीटर जाडीची शुद्ध तांब्याची तार धरली, तर १०० मीटरला साधारण साडेआठ ओहम रोध भरतो. गेट घरापासून ६० मीटरवर असेल तर वीज ६० मीटर जाते आणि ६० मीटर परत येते. हा परतीचा रस्ता हिशेबात धरायला माणसं विसरतात. एकूण १२० मीटर, म्हणजे सुमारे १० ओहम.

आता गुणाकार करा. दिवसा ०.२ गुणिले १०, म्हणजे २ व्होल्ट तारेत गेले. घरातून निघालेल्या १२ व्होल्टपैकी गेटावर १० पोचले. कॅमेरा तक्रार न करता चालला. रात्री ०.४५ गुणिले १०, म्हणजे साडेचार व्होल्ट गेले आणि पोचले साडेसात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट, कमीजास्त १० टक्के, असं लिहिलेलं असतं. साडेसात त्यात कुठेच बसत नाहीत. त्यातून आधुनिक कॅमेऱ्यांची एक खोड अशी की आतलं सर्किट ठरलेली शक्ती खेचू पाहतं. व्होल्ट कमी मिळाले तर ते धारा वाढवतं, धारा वाढली की तारेतला खर्च आणखी वाढतो, आणि व्होल्ट आणखी खाली येतात. शेवटी कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की एलईडी विझतात, धारा थांबते, व्होल्ट वर येतात, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, अंधार पाहतो, एलईडी पेटवतो, आणि परत कोसळतो. रात्रभर हेच. गेटाशी उभे राहून ते तांबडे ठिपके पेटून विझताना दिसले, तर कुठल्याही यंत्राशिवाय निदान झालं म्हणून समजा.

यंत्र वापरायचं असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो, पण तो कसा लावता यावर सगळं अवलंबून. हमखास चूक होते ती अशी: कॅमेऱ्याची पिन काढायची, तिच्यात मीटरची टोकं घालायची, १२ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ओके’ म्हणून मोकळं व्हायचं. पिन काढली म्हणजे धारा शून्य, आणि धारा शून्य तर तारेतला खर्चही शून्य. मग १२ दिसणारच. डोंगरावरच्या टाकीतून बारीक नळी खाली आणली आणि तोटी बंद ठेवली, तर नळीत दाब पुरेपूर असतो. तोटी उघडल्यावर पाणी करंगळीएवढं येतं. मोजायचं ते तोटी उघडी असताना. म्हणजे कॅमेरा जोडलेला हवा, एलईडी पेटलेले हवेत, आणि मीटर कॅमेऱ्याच्या टोकाला हवा. त्यासाठी रात्रीची वाट बघायला नको. प्रकाश ओळखणाऱ्या घटकावर काळी टेप लावा, कॅमेरा भरदुपारीही रात्र समजतो.

तारेचा रोध थेटही मोजता येतो. सप्लाय बंद करून दोन्ही टोकं सोडवायची, गेटाकडे दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि घराकडे ओहम मोजायचे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अर्धाएक ओहम वजा करायचा. हिशेबात १० यायला हवे तिथे १५-१६ आले, तर तार बहुधा तांब्याची नाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ‘सीसीए’ केबल बाजारात भरपूर आहे आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच असतो. ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. माझं मत विचाराल तर बाहेरच्या कामाला ही केबल घेऊच नये. स्वस्तात जे वाचतं ते पुढच्या पावसाळ्यात जातं.

कॅमेरा निर्दोष आहे की नाही याची चाचणी गोव्यात घरोघरी उभी असते: स्कूटर. तिची बॅटरी १२ व्होल्टची असते, पूर्ण भरलेली असेल तर साडेबाराच्या थोडी वर. ती गेटापाशी नेऊन आखूड वायरीने कॅमेऱ्याला जोडा, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज घाला, आणि धन-ऋण उलटं होणार नाही याची खात्री करा. पिनचा मधला भाग बहुतेक वेळा धन असतो, तरी लेबलावरची खूण बघावीच. कॅमेरा एलईडीसकट तासभर बिनतक्रार चालला, तर नवा कॅमेरा घेण्याचे पैसे वाचले.

उपाय म्हणजे विजेपुरती जाड तार टाकणं. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर तेच १२० मीटर जेमतेम २ ओहमचे होतात, आणि रात्रीही गेटावर ११ व्होल्ट पोचतात. घरातल्या विजेचे १२ व्होल्ट करून सगळ्या कॅमेऱ्यांना पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस; त्याच्यावर व्होल्ट वाढवण्याचा बारीक स्क्रू असतो, तो फिरवून वेळ निभावणारेही आहेत. पण मग पडवीवरच्या जवळच्या कॅमेऱ्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मिळतात, म्हणून १३ च्या वर जाऊ नये. नव्याने सगळं बसवणार असाल तर नेटवर्क केबलमधूनच वीज देणारी ‘पीओई’ पद्धत बघा. तिचं पहिलं मानक २००३ मध्ये ठरलं. त्यात वीज सुमारे ४८ व्होल्टने पाठवतात. तेवढीच शक्ती चौपट व्होल्टने पाठवली की धारा चौथाई लागते, आणि तारेतला उष्णतेचा खर्च धारेच्या वर्गावर ठरत असल्याने तो सोळाव्या हिश्शावर येतो. दूरवर वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांमागे हेच गणित आहे.

हे झालं आतल्या तालुक्यांचं. मोरजी, हरमल, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यावर मामला वेगळा. तिथे केबल आखूड आणि जाड असूनही कॅमेरे मरतात, आणि मरतात ते जोडांवर.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पिनवर, बॉक्समध्ये, तारेच्या उघड्या टोकांवर बसतात. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. पण मिठाचा एक गुण आहे: हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत पावसाळ्यात काय होतं ते ठाऊक आहेच. जून-जुलैत किनाऱ्यावर आर्द्रता ७५ च्या खाली क्वचित उतरते. म्हणजे पावसाचा एक थेंबही आत न जाता जोडावर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार होतो, आणि त्या पापुद्र्याच्या दोन बाजूंना रात्रंदिवस १२ व्होल्ट उभे असतात. ही तर विद्युत अपघटनाची प्रयोगशाळाच झाली. धन बाजूच्या तांब्याचे अणू आयन होऊन द्रावणात उतरतात, क्लोराइडशी मिळून हिरवे क्षार बनवतात, आणि तार हळूहळू झिजत जाते. ऋण बाजू बऱ्यापैकी शाबूत राहते. गंजलेली पिन उघडून बघा, हिरवी बुरशी जिथे जास्त ती तार बहुधा धन निघेल. घरातल्या २३० व्होल्टच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, म्हणून तिथे ही झीज अशी एकाच बाजूने होत नाही. टेलिफोनवाल्यांना ही गोष्ट फार पूर्वीच कळली होती. त्यांच्या यंत्रणेत धन टोक जमिनीला जोडून तारेवर उणे ४८ व्होल्ट ठेवतात, ते जमिनीतली तांब्याची तार खाल्ली जाऊ नये म्हणूनच.

अशा जोडाला नुसता हलवून, फुंकर मारून कॅमेरा सुरू होतो, आणि तिथेच माणूस फसतो. हिरवट झालेली तार उजळ तांबं दिसेपर्यंत कापून टाकायची, डाग द्यायचा, वर सिलिकॉन ग्रीस आणि आपल्याआप एकजीव होणारी रबर टेप. साधी काळी टेप उन्हात सुटते. जोड बॉक्समध्ये घ्या, केबल बॉक्सच्या तळातून आत न्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकून जाईल.

अडॅप्टर आणि एसएमपीएस यांचं दुखणं बहुतेकदा त्यांच्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं असतं. त्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. मंगलोरी कौलांखाली माळ्यावर टांगलेला अडॅप्टर लवकर का जातो, हे यातून कळेल. कपॅसिटर थकला की चित्रावर आडवे पट्टे सरकू लागतात. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी असेच पट्टे येतात, म्हणून आधी चांगला अडॅप्टर लावून पाहावं. जुना उघडू नये. आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये टिकतात.

सगळे कॅमेरे एकदम गेले आणि एसएमपीएसचा दिवा लुकलुकत असेल, तर कुठल्यातरी एका लायनीत शॉर्ट आहे. एकेक पिन काढत जा. जी काढल्यावर बाकीचे परततील ती दोषी. वाय-फायच्या छोट्या कॅमेऱ्यांना ५ व्होल्टच मिळतात, त्यामुळे लांब, बारीक यूएसबी वायरीत गेलेला एक व्होल्टही त्यांना जड जातो. शक्यतो सोबत आलेलीच वायर वापरा.

मे महिन्यातल्या संध्याकाळच्या गडगडाटाची गोष्ट निराळी. कुळागरातून गेलेली लांब केबल जवळ पडलेल्या विजेचा धक्का पकडते. सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडतो, पण त्याने धक्का ढकलायचा तो जमिनीत, आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल फारशी उरत नाही. म्हणून मे उजाडण्याआधी अर्थिंगचा रोध वायरमनकडून मोजून घ्यावा.

राहिला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारं यंत्र. लाईट जाऊन आली की त्यातली हार्डडिस्क शून्यापासून फिरू लागते आणि त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर मागते. अडॅप्टर थकलेला असेल तर डिस्क टकटक करते आणि डीव्हीआर पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. डीव्हीआर, राऊटर आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस, तिन्ही एकाच यूपीएसवर हवेत; एकटा डीव्हीआर जिवंत ठेवून काळा पडदा तेवढा रेकॉर्ड होतो. डीव्हीआरच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा एक ३ व्होल्टचा सेलही असतो. तो संपला की प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर तारीख मागे जाते, कित्येक यंत्रांत थेट १ जानेवारी २००० वर. नारळ कुणी नेले ते चित्रात स्पष्ट दिसतं, पण पोलिसांपुढे ठेवलेल्या त्या चित्रावर तारीख असते पंचवीस वर्षांपूर्वीची. चवथीला घर उघडाल तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी तपासा. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो.