मँगनीज आणि विद्युतघट (नागपूर परिसर)

जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पदार्थ म्हणून मँगनीज डायऑक्साइड १८६६ पासून विद्युतघटांत वापरला जातो. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतून जाणारा मँगनीजचा पट्टा हा या खनिजाचा भारतातला जुना आणि मोठा साठा. घटांच्या इतिहासात शोधकांची नावे पुढे येतात. या नोंदीत भर आहे तो पदार्थ तयार करण्याच्या कसबावर, कारण घट सुधारला तो बहुतेक वेळा तिथूनच.

बॅटरीचा (टॉर्चचा) संपलेला मोठा सेल पक्कडीने उघडला, की आधी पत्र्याचे वेष्टन निघते. त्याच्या आत जस्ताची डबी असते, जागोजागी खाल्ली गेलेली, कुठे कुठे कागदासारखी पातळ झालेली. तिच्या आतून खळ लावलेल्या कागदाचा ओलसर थर, मग घट्ट दाबलेला काळा मसाला आणि मधोमध कार्बनची कांडी. खेड्यापाड्यांतली मुले या कांडीने भिंतीवर रेघोट्या ओढत. मसाल्याचा काळा रंग मात्र बोटांवरून लवकर जात नाही. हा मसाला म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची भुकटी. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडते, ते तारेतून दिव्यातून फिरून कांडीवाटे मसाल्यात पोहोचतात. तिथे मँगनीजचा ऑक्साइड एक इलेक्ट्रॉन आणि पाण्यातला एक प्रोटॉन घेऊन क्षपित होतो. दोन टोकांमधला विद्युतदाब सुमारे १.५ व्होल्ट भरतो.

व्होल्टाची रास १८०० ची, डॅनियलचा घट १८३६ चा. दोन्ही प्रयोगशाळेत आणि तारखात्यात कामाचे, घरात वापरायला गैरसोयीचे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात मँगनीज डायऑक्साइड व कार्बन भरून ते नवसागराच्या द्रावणात ठेवले, शेजारी जस्ताची कांडी सोडली. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर टाकतो तोच. धातूवरचा ऑक्साइड सोडवण्याचा त्याचा गुण दोन्हीकडे उपयोगी पडतो. जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी १८८६ साली द्रावणाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवलेला लगदा वापरला आणि जस्ताचीच डबी केली. कोरडा घट तो हाच. डबीच झिजत असल्यामुळे जुना सेल बॅटरीत विसरला तर पाझरतो. हा दोष रचनेतच आहे. अल्कधर्मी सेलमध्ये जस्ताची भुकटी मध्ये आणि मँगनीज बाहेर, पोलादी डबीच्या आतल्या बाजूला असते, म्हणून तिथे डबी झिजत नाही.

आता खनिजाकडे. या पट्ट्यातले खडक भूविज्ञानात सौसर समूह म्हणून ओळखले जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्‌झ यांच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव दिले, ते आजही जगभर चालते. खाणकाम त्याआधीच, १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका सिंडिकेटने हाती घेतले होते. १९६२ साली त्याच्या वारस कंपनीतून मॉयल (मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड) उभी राहिली, तिचे मुख्यालय नागपुरात आहे. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव या नागपूर जिल्ह्यातल्या खाणी. यांतले बरेचसे खनिज पोलाद उद्योगासाठी जाते. घटांच्या दृष्टीने महत्त्वाची ती भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, कारण तिथे डायऑक्साइडच्या रूपातले मँगनीज मिळते.

पण खाणीतला दगड दळून थेट सेलमध्ये भरला तर सेल चांगला चालतोच असे नाही. डायऑक्साइडचे अणू वेगवेगळ्या प्रकारे रचलेले असतात. पायरोल्युसाइट या खनिजरूपातल्या डायऑक्साइडमध्ये अणूंच्या ओळींमधले बोगदे अरुंद असतात आणि प्रोटॉनला आत शिरायला जागा पुरत नाही. गॅमा नावाच्या दुसऱ्या रचनेत अरुंद आणि रुंद बोगदे मिसळलेले असतात, तिथे प्रोटॉन खोलवर जातो. दुसरी अडचण अशुद्धींची. तांबे, निकेल यांचा अंश जस्तावर जाऊन बसला, की त्या ठिकाणी हायड्रोजन सुटू लागतो आणि सेल न वापरताही फुगतो, उतरतो.

यावरचा उपाय म्हणजे विद्युत अपघटनी मँगनीज डायऑक्साइड, धंद्यातले नाव ईएमडी. डोंगरी बुजुर्गला मॉयलने १९९१ साली त्याचा कारखाना सुरू केला. पद्धत अशी : खनिज कोळशाबरोबर भाजतात, म्हणजे आम्लात न विरघळणारा डायऑक्साइड विरघळणाऱ्या मोनॉक्साइडमध्ये बदलतो. मग गंधकाम्लात विरघळवून लोह आणि जड धातू साक्याच्या रूपात काढून टाकतात. स्वच्छ झालेले द्रावण नव्वद अंशांच्या वर तापलेले ठेवून त्यातून वीज सोडली, की धनाग्रावर काळा थर चढू लागतो आणि ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. कित्येक दिवसांनी हा कडक थर ठोकून काढायचा, धुवायचा, त्यातले आम्ल मारायचे आणि दळायचा. डायऑक्साइडपासून निघून पुन्हा डायऑक्साइडवरच यायचे, आणि एवढी वीज खर्च करायची ती केवळ बोगद्यांची रचना आणि शुद्धता बदलण्यासाठी. पदार्थ अभियांत्रिकीचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

शिक्षणाशीही या खनिजाचा धागा जुळतो. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहिली. नागपूरच्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे.

लिथियम घटांतही मँगनीज आहेच. दक्षिण आफ्रिकेहून ऑक्सफर्डला आलेले मायकेल थॅकरे आणि तिथले जॉन गुडइनफ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पिनेल नावाच्या स्फटिकरचनेच्या लिथियम मँगनीज ऑक्साइडमधून लिथियम आत-बाहेर करता येते हे दाखवले. कोबाल्टपेक्षा हा पदार्थ स्वस्त आणि कमी विषारी. त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. साधारण ५५ अंशांच्या आसपास त्यातले मँगनीज थोडे थोडे विद्युत अपघटनीत (घटातल्या द्रावणात) विरघळते, पलीकडच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसते आणि घटाची क्षमता घटते. नागपुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या ई-रिक्षाला ही मर्यादा फार लांब नसते. म्हणून स्फटिकात थोडे ॲल्युमिनियम मिसळणे, कणांवर ऑक्साइडचे पातळ कवच चढवणे असे उपाय करतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट मिश्रणात मँगनीज विजेच्या देवघेवीत फारसा भाग घेत नाही, रचना टिकवून धरतो.

या घटांना कच्चा माल म्हणून अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागते. भाजणे, आम्लात विरघळवणे, लोह काढणे या पायऱ्या ईएमडीसारख्याच. शेवटी विजेऐवजी स्फटिकीकरण करायचे. मात्र सौसर समूहात मँगनीजच्या सोबतीने संगमरवराचेही थर आहेत. त्यातून येणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लोहासारखे सहज खाली बसत नाहीत. ते काढायला फ्लोराइडचा साका पाडणे किंवा मँगनीजच वेगळ्या द्रावकात ओढून घेणे, अशा खर्चिक पायऱ्या वाढवाव्या लागतात.