काळा दगड मुळातच थंड असतो का?

मराठवाड्यातील जुने शेतवाडे उन्हाळ्यात गार राहतात, कारण काळा पाषाण जात्याच थंड असतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. गारव्याचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळे आहे. हा दगड म्हणजे बेसॉल्ट. गडद रंगामुळे तो ऊन भरपूर शोषतो, आणि मे महिन्यात दुपारी अंगणातल्या ओट्यावर अनवाणी उभे राहिल्यास याची खात्री पटते. गारवा येतो तो जाडीमुळे. दोन-अडीच फुटांच्या भिंतीला आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मध्ये माती-गोट्यांचा भराव असतो (पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात तो उघडा दिसतो), त्यामुळे दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते. म्हणूनच तर उन्हाळ्यात माणसे खोल्या सोडून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपत.

माळवदाचा वाटाही मोठा, माझ्या मते भिंतींहून अधिक, कारण दुपारचे ऊन छपरावरच सर्वाधिक पडते. लाकडी तुळयांवरचा पांढऱ्या मातीचा जाड थर ते अडवतो. पडताळा सोपा आहे: त्याच आवारातल्या, त्याच दगडाच्या पण पत्रे घातलेल्या गोठ्यात आणि माळवदाच्या खोलीत भर दुपारी एकच तापमापक थोडा थोडा वेळ ठेवावा.