आवाज चढवणं वेगळं, पाणउतारा वेगळा

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू ठेवायला छाती दाबणं, सुरू आहे. दोन मिनिटं होत आली, छाती दाबणारा दमलाय. सीनियर ओरडतो, "वरवर दाबतोयस! पाच सेंटिमीटर खाली जाऊ दे, छाती पूर्ण वर येऊ दे!" त्याच जागी दुसरा ओरडतो, "एवढंही जमत नाही? तुला घेतलं कुणी इथे?" आवाजाची पट्टी एकच. पहिल्या वाक्याने हातांना काम दिलं, दुसऱ्याने नुसता माणूस झोडपला.

आपत्कालीन सेवेत ही गल्लत दोन्ही बाजूंनी होते. "इथे असंच बोलतात" म्हणत शिवीगाळ खपवली जाते. उलट, दरडावून दिलेली सूचना म्हणजे छळ, असं एखादा नवखा धरून बसतो. कडक सूचनेत पुढची कृती असते आणि केस संपली की तीही संपते. पाणउतारा मात्र ड्यूटी बदलतानाही सुरूच राहतो, चारचौघांत नक्कल करून.

छळाला आवाज लागतोच असं नाही. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना द्यायची रुग्णांची माहिती, मुद्दाम अर्धवट देणं, रात्रपाळ्या एकाच्याच माथी मारणं हाही छळच, आणि तो सिद्ध करणं जास्त अवघड.

खरा फटका रुग्णाला बसतो. हृदय बंद पडल्यावर प्रौढाला ॲड्रेनालीन १ मिलिग्रॅम शिरेतून देतात. तीव्र ॲलर्जीत तेच औषध अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. म्हणून ऐकलेली सूचना मोठ्याने परत म्हणायची पद्धत आहे. "शिरेतून की स्नायूत?" विचारल्यावर काल हशा झाला असेल, तर आज तो प्रश्न येत नाही. नवजात अतिदक्षतेतल्या २४ चमूंवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर बाहेरच्या माणसाच्या उद्धट शेऱ्यांनंतरही निदान आणि प्रत्यक्ष काम दोन्ही घसरलं.

संशोधनात छळासाठी 'आठवड्यातून एकदा, सहा महिने' असा निकष बरेचदा लावतात. तक्रारीसाठी तेवढं थांबायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कामावरच्या हिंसा आणि छळाबद्दलच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये एकदाच घडलेला प्रकारही येतो.

नोंद त्याच पाळीत करावी: तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, हजर कोण, कोणतं काम अडलं. रुग्णाचं नाव नको. 'वाईट वागले' एवढंच लिहिलं तर चौकशीत त्यावर कुणाला काहीच विचारता येत नाही. केस चालू असताना वाद घालू नये. "यावर नंतर बोलू" एवढंच म्हणावं आणि हात चालू ठेवावेत.