दैनिक कॅलरी-लक्ष्य (वजन घटवण्यासाठी)

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाने दिवसभरात खाण्यापिण्यातून किती ऊर्जा घ्यायची, याचा आधी ठरवलेला आकडा म्हणजे दैनिक कॅलरी-लक्ष्य. शरीर दिवसाकाठी जेवढी ऊर्जा खर्च करते त्यापेक्षा हा आकडा थोडा खाली ठेवतात. पडलेली तूट शरीर मुख्यतः साठवलेल्या चरबीतून भरून काढते. तत्त्व एवढेच आहे. अडचण येते ती ‘थोडा’ म्हणजे किती हे ठरवताना. एकाच घरात नवऱ्याला सहज झेपणारी तूट बायकोला अशक्त करून सोडते, आणि तरीही १२०० चा आकडा सगळ्यांना सरसकट सांगितला जातो. लक्ष्य हे अंदाजाने सुरू करायचे आणि स्वतःच्या वजनाची नोंद पाहून दुरुस्त करत न्यायचे असते. पहिल्या दिवशी काढलेला आकडा कितीही काटेकोर दिसला तरी तो अंदाजच असतो.

एकक

आहारात जिला कॅलरी म्हणतात ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते : एक किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. अन्नातली ऊर्जा मोजण्याची आजची पद्धत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांच्या कामावर उभी आहे. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याने खाल्लेले अन्न, बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि अंगातून निघालेली उष्णता यांचा ताळेबंद त्यांनी मांडला. प्रथिने व कर्बोदके यांच्या दर ग्रॅमला ४ आणि स्निग्धांशाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी हे त्यातून आलेले गुणक आजही बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या आकड्यामागे असतात. मद्यार्कासाठी हा गुणक ७ आहे. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. बदामासारख्या कडक दाण्यातली सगळी चरबी आतड्यात शोषली जात नाही, आणि दोन घरांतली आमटी कधी सारखी नसते.

खर्चाचा अंदाज

बैठे काम करणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा नुसते जिवंत राहण्यात जाते. हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे माणूस झोपला तरी काम करतच असतात. याला मूलभूत चयापचय म्हणतात. सुमारे १० टक्के ऊर्जा अन्न पचवण्यात जाते. उरलेला भाग हालचालीचा, आणि माणसामाणसांत सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

मूलभूत चयापचय काढण्याचे पहिले प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ मध्ये दिले. आता जास्त वापरले जाते ते १९९० चे मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र : किलोग्रॅममधले वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. आलेल्या संख्येत पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

बँकेत बसून काम करणारी ४२ वर्षांची स्त्री घेऊ. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. सूत्राने तिचा आकडा १२७१ येतो. तिचा ३५ वर्षांचा सहकारी १७० सेंटिमीटर उंच आणि ८२ किलो वजनाचा असेल, तर त्याचा येतो १७१२. बैठ्या जीवनासाठी हा आकडा साधारण १.४ ने गुणतात. तिचा दिवसाचा खर्च १७८० आणि त्याचा २४०० च्या जवळ जातो.

हालचाल जास्त तसा हा गुणक मोठा, आणि तो निवडताना बहुतेक जण स्वतःला एक पायरी वर चढवतात. सकाळी अर्धा तास फिरणारा माणूस उरलेला दिवस खुर्चीतच असतो. त्याने स्वतःला ‘मध्यम सक्रिय’ गटात टाकले की तूट तिथेच संपते. शंका असेल तर खालचा गुणक घ्यावा.

भारतीयांसाठी आणखी एक वजाबाकी करावी लागते. पाश्चात्त्य लोकांच्या मोजणीवरून बनवलेली सूत्रे भारतीय शरीराचा मूलभूत खर्च साधारण ५ ते १० टक्क्यांनी जास्त दाखवतात. याचे कारण समजून घ्यायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम महत्त्वाचे आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी शरीररचना. स्नायू कमी म्हणून खर्चही कमी. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात, त्यामागेही हेच आहे.

ही वजाबाकी केली की वरच्या स्त्रीचा खर्च १७०० आणि पुरुषाचा २३०० च्या आसपास उरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेले आकडे याच्याशी जुळतात : बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी १६६०, ६५ किलोच्या पुरुषासाठी २११०.

तूट किती ठेवावी

अमेरिकेतल्या हृदयरोग व लठ्ठपणाविषयक संस्थांनी २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात रोज ५०० ते ७५० कॅलरींची तूट, किंवा स्त्रियांसाठी १२०० ते १५०० आणि पुरुषांसाठी १५०० ते १८०० असे लक्ष्य सुचवले आहे. मोठ्या चणीच्या शरीराला ७५० ची तूट पेलते. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीच्या १७०० मधून ७५० काढले तर ९५० उरतात, आणि तेवढ्यात लोह, कॅल्शियम, प्रथिने बसवणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे ठरावीक आकडा वजा करण्यापेक्षा एकूण खर्चाच्या १५ ते २० टक्के तूट धरणे आपल्याकडे शहाणपणाचे ठरते. तिच्यासाठी लक्ष्य १४०० च्या आसपास, त्याच्यासाठी १८५० ते १९५०. स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये.

कमी खाऊन काय होते याचा सर्वांत सविस्तर पुरावा मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगातून मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवले आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटले. सोबत सतत थंडी वाजणे, निरुत्साह आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार हेही आले. मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. व्यायाम करणाऱ्या तरुण मुलाला १२०० चा आहार लिहून देणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवायला हवा.

८०० कॅलरींच्या आसपासचे आहार वैद्यकीय उपचारात वापरतात. ब्रिटनमधल्या २०१७ च्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने रोज सुमारे ८५० कॅलरी दिल्या, आणि वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. पण तो आहार तयार पोषक पेयांचा होता आणि देखरेख सतत होती. घरी जेवण तोडून तसे करता येत नाही. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

तुटीच्या काळात प्रथिने मात्र कमी होता कामा नयेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन घटवताना १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाण्याचा सल्ला दिला जातो. शाकाहारी ताटात १४०० कॅलरींच्या आत ६० ग्रॅम प्रथिने बसवायला रोज विचार करावा लागतो : ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम मिळतात, वाटीभर दह्यात ४ ते ५. मटकी-मुगाची उसळ, पनीर, सोयाबीन, आणि चालत असेल तर अंडे किंवा मासे यांना ताटात जागा करावी लागते, आणि ती भात-पोळीच्या वाट्यातूनच निघते.

‘७७०० चा नियम’ आणि त्याची मर्यादा

एक किलो चरबी घटवायला ७७०० कॅलरींची तूट लागते, हा हिशेब १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरने मांडला. पहिल्या काही आठवड्यांसाठी तो ठीक आहे. पुढे तो फसवतो. वजन उतरले की लहान झालेले शरीर कमी खर्च करते, शिवाय माणूस नकळत कमी हालचाल करू लागतो, त्यामुळे तीच तूट दर महिन्याला आक्रसत जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जास्त वास्तव नियम दिला : जादा वजनाच्या सरासरी प्रौढाने रोजच्या आहारात कायमची २४ कॅलरी कपात केली तर शेवटी एक किलो वजन घटते. त्यातली निम्मी घट पहिल्या वर्षात होते, बाकीची पुढच्या दोनेक वर्षांत. १७०० वरून १४०० वर आलेल्या स्त्रीला जुना नियम वर्षात १४ किलोंचे वचन देतो. नवा नियम सांगतो सहा किलो. दहाव्या महिन्यात ‘माझ्याच शरीरात काहीतरी बिघाड आहे’ म्हणून प्रयत्न सोडणाऱ्या कितीतरी जणांना हा एक फरक आधी कुणी सांगितला असता तर बरे झाले असते. ६८ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे म्हणजे जवळजवळ ९ टक्के घट, आणि ५ ते १० टक्के घटीनेही साखर व रक्तदाब सुधारतात.

स्वयंपाकघरातली मोजणी

लक्ष्य ठरवण्यापेक्षा खाल्लेले नीट मोजणे कठीण असते. ‘मी कमीच खातो, तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या लठ्ठ व्यक्तींचा एक अभ्यास १९९२ मध्ये अमेरिकेत झाला. त्यांनी नोंदवलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होता, आणि नोंदवलेली हालचाल ५१ टक्के जास्त. हे खोटे बोलणे नव्हे. डोळ्यांना अन्नाचे माप कळत नाही.

मराठी घरात चुकते ते बहुधा तेलात. एका चहाच्या चमच्यात सुमारे ४० कॅलरी असतात, आणि फोडणीला पळीने तेल घालणाऱ्याला चमचे आठवत नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे महिन्याचा डबा पाहणे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी होतात, आणि यात बाहेरचा वडापाव, शेव, फरसाण धरलेलेच नाही. तेच तीन लिटरवर आणले तर प्रत्येकाचे रोज १३५ च्या आसपास वाचतात, ताटातला एकही पदार्थ न हटवता. दाण्याच्या कुटाचेही तसेच : एका मोठ्या चमच्याला ५० ते ६०. ५० ते ५५ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी १८० ते १९० कॅलरींची असते. तिच्यावर कितीही संशय घेतला जात असला तरी सहसा ती दोषी नसते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा घेतला तर नुसत्या साखरेच्या १६० होतात.

उपवासाचा दिवस हमखास तुटीचा समजला जातो. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाणे आणि दोन चमचे तूप घातलेली खिचडीची ताटली सव्वाचारशेच्या वर जाते, आणि तिच्यात प्रथिने फारशी नसतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. सणावारी लक्ष्य ओलांडले जाणारच, म्हणून दिवसापेक्षा आठवड्याच्या सरासरीकडे पाहावे. मोदकांच्या दिवशी उपाशी राहून भरपाई करण्याची गरज नसते.

चालण्याने खर्च होणाऱ्या कॅलरी लक्ष्यात मिळवून पुन्हा खाऊ नयेत. ६८ किलोचा माणूस तीन किलोमीटर चालला तर बसून राहण्याच्या तुलनेत १०० च्या आसपास जास्त कॅलरी खर्च होतात. मनगटावरचे घड्याळ बऱ्याचदा याहून मोठा आकडा दाखवते.

महाराष्ट्रात कॅलरी न मोजणाऱ्या पद्धतींनाही मोठा वर्ग आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळांच्या जेवणाची, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवण्याची पद्धत त्यांपैकी सर्वांत परिचित. मधले चहा-बिस्कीट आणि चिवडा सुटल्याने अनेकांचा आहार आपोआप कमी होतो. ज्यांना मोजमापाचा जाच होतो त्यांना असा साधा नियम जास्त टिकवता येतो. तूट पडली की नाही हे तिथेही वजनकाट्यावरच कळते.

दुरुस्ती

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तरी ते बहुतांशी पाणी असते. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (कर्बोदकांच्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते आणि साठा उतरला की तेही जाते. मीठ, बद्धकोष्ठ, मासिक पाळी यांनी वजन रोज किलोभर इकडेतिकडे होते. सकाळी, रिकाम्या पोटी, एकाच काट्यावर घेतलेल्या वजनाची आठवड्याची सरासरी काढावी आणि तीन-चार आठवड्यांच्या सरासऱ्या जोडून पाहाव्यात. घट आठवड्याला पाव ते अर्धा किलो असेल तर आकडा बदलू नये. अजिबात नसेल तर आधी नोंद तपासावी, तेल आणि चमचमीत वरखाणे धरून, आणि मगच लक्ष्य १०० ने उतरवावे किंवा चालणे वाढवावे. केस गळणे, सतत थकवा, पाळी चुकणे दिसले तर लक्ष्य वर न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणी स्वतःहून ठरवू नये

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेल्या व्यक्ती यांनी असा आकडा स्वतः ठरवू नये. या शेवटच्या गटात मोजणीची सवयच आजार परत आणू शकते. सत्तरीच्या पुढे स्नायू आधीच कमी होत असतात; तिथे वजनापेक्षा ताकद जपणे महत्त्वाचे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेही माणसाने आहार कमी केला आणि औषध तेवढेच ठेवले तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी लक्ष्य लागू करण्याच्या आधीच औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.