भित्री, गरीब, भांडखोर, खुडूक : कोंबड्यांच्या जाती आणि त्यांचे स्वभाव

परसात कोंबड्या पाळणारी माणसे प्रत्येक जातीला एकेक विशेषण लावून मोकळी होतात. लेगहॉर्न बुजरी, ऑरपिंग्टन गरीब, असील भांडकुदळ, सिल्की मायाळू. ही विशेषणे खोटी नाहीत, परंतु ती कारण सांगत नाहीत. ज्याला आपण कोंबडीचा स्वभाव म्हणतो, त्यातील बराचसा भाग तिच्या वजनात, तिच्या डोळ्यांवर आलेल्या पिसांत आणि तिच्या रक्तातील संप्रेरकांत शोधावा लागतो, आणि या सर्व गोष्टी माणसाने त्या जातीकडून काय मागितले यानुसार पिढ्यानपिढ्या बदलत आलेल्या आहेत.

सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातील जंगलांत राहणारा लाल रानकोंबडा. रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, रात्री उंच फांदीवर बसते आणि जराशी चाहूल लागताच उडून जाते. पाळीव जातींपैकी ज्या वजनाने हलक्या राहिल्या, त्यांनी ही उडून जाण्याची सवयही बरीचशी टिकवली. लेगहॉर्नची मादी साधारण दोन किलोची असते. तिचे पंख तिला कुंपणापलीकडे सहज नेतात, आणि ज्याला उडता येते तो धोका दिसताच उडतो. ब्रह्मा जातीच्या पाच किलोच्या कोंबड्यापुढे हा पर्यायच नसतो. त्याच्या संथपणाला शांत स्वभाव म्हणताना एवढे लक्षात ठेवावे की घाबरलेला पक्षी दोन प्रकारे वागू शकतो : तो पळतो किंवा थिजतो. थिजलेली कोंबडी पाहणाऱ्याला समाधानी वाटते. कोंबडीला उताणे करून काही क्षण हळुवार दाबून धरले, तर सोडल्यावरही ती बराच वेळ निपचित पडून राहते, अशाच प्रकारचे निरीक्षण अथानासियस किर्शर या जर्मन जेझुइट विद्वानाने १६४६ मध्येच नोंदवले होते. त्यांनी ते कोंबडीच्या कल्पनाशक्तीचे काम मानले असले, तरी आज अभ्यासक हीच प्रतिक्रिया भीतीचे माप म्हणून वापरतात : पक्षी जितका वेळ उठत नाही, तितका तो अधिक भेदरलेला असे मानले जाते.

माणसाची भीती वाटणे हा गुण निवडीने किती बदलता येतो, हे स्वीडनमधील लिंकॉपिंग विद्यापीठात पेर येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी रानकोंबड्यांमधून माणसाला कमी भिणारे पक्षी निवडून त्यांचीच वीण पुढे नेली. निवड केवळ भीतीवर होती, तरीही काही पिढ्यांतच हे पक्षी वजनाने भरले, त्यांची अंडी मोठी झाली आणि शरीराच्या मानाने मेंदू लहान झाला. एका गुणाला हात घातला की त्याच्यासोबत इतर गुणही ओढले जातात, हे येथे स्पष्ट दिसते.

लेगहॉर्न भरपूर अंडी देते आणि ती बुजरीही असते. यावरून अधिक अंडी देणारी जात बुजरीच असणार, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल, आणि त्याचे उत्तर एकाच घराण्यातील दोन शाखांत मिळते. इंग्लंडमधील केंट परगण्यातील ऑरपिंग्टन येथे विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये काळी ऑरपिंग्टन तयार केली. अंडी आणि मांस दोन्ही देणारा पक्षी त्यांना हवा होता. पुढे इंग्लंडमध्ये प्रदर्शनांसाठी तिची वीण होत गेली, पिसे भरगच्च झाली, अंगाचा घेर वाढला आणि ती अंडी देण्यात मागे पडली. त्याच मूळच्या पक्ष्यांतून ऑस्ट्रेलियात मात्र अंड्यांसाठी निवड झाली आणि ऑस्ट्रॅलॉर्प ही जात आकाराला आली. १९२२-२३ मध्ये तेथील सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली, म्हणजे दर कोंबडीमागे ३०९ हून अधिक. एवढे असूनही ऑस्ट्रॅलॉर्प ही सहज हाताळता येणारी, सौम्य कोंबडी म्हणूनच ओळखली जाते. लेगहॉर्नचा बुजरेपणा हा तिच्या अंड्यांचा मोबदला नव्हे. तिला माणसाजवळ निवांत बसण्यासाठी कोणी निवडलेच नाही, एवढेच.

अंड्यांच्या हव्यासाने जो गुण खरोखर नाहीसा होत गेला, तो म्हणजे खुडूक बसणे. दिवस मोठा होत जातो, घरट्यात अंडी साठतात, पोटाखालच्या उघड्या कातडीला त्यांचा स्पर्श होत राहतो आणि कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू लागते. त्याच्या प्रभावाने अंडाशय आक्रसतो, अंडी घालणे थांबते, आणि कालपर्यंत अंगणभर हिंडणारी कोंबडी पिसे फुलवून, जवळ येणाऱ्या हातावर चोच मारत एकाच जागी बसून राहते. एकवीस दिवस ती दिवसातून थोडाच वेळ, खाण्यापिण्यापुरती उठते. अंडी विकणाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानीचे दिवस, म्हणून त्याने खुडूक न बसणाऱ्या कोंबड्यांचीच पिल्ले पुढे वाढवली. लेगहॉर्नमध्ये ही प्रेरणा आता क्वचितच दिसते. सिल्की आणि कोचिन यांच्यात ती इतकी शाबूत आहे की त्यांच्या पोटाखाली बदकाची अंडी ठेवली, तरी त्या कुरकुर न करता अठ्ठावीस दिवस बसतात. सिल्कीला मायाळू म्हणण्यामागे हेच आहे, आणि मला तरी हे विशेषण पुरते चुकीचे वाटत नाही, कारण मायेची बरीचशी सामग्री शेवटी संप्रेरकांचीच असते.

सिल्कीच्या गरीबपणाचा दुसरा धागा तिच्या पिसांत आहे. साध्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकून सपाट पाते तयार होते. सिल्कीच्या पिसांत हे आकडे नीट तयार होत नाहीत, त्यामुळे पिसे केसांसारखी मोकळी राहतात, पावसात चिंब होतात आणि उडण्याच्या कामी येत नाहीत. पोलिश कोंबडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिच्या डोक्यावरचा पिसांचा झुपका डोळ्यांवर उतरतो, तिला वरून आणि बाजूने येणारे काही दिसत नाही, आणि अचानक जवळ आलेल्या कशालाही ती दचकते. पाळणारे तिला वेंधळी म्हणतात, पण झुपका कातरला किंवा वर बांधला की तीच कोंबडी बरीच स्थिरावते.

कळपात मात्र अशा अडचणींना दयामाया नसते. लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवणारे नॉर्वेचे टोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की कळपात कोण कोणाला चोच मारणार याची उतरंड ठरलेली असते, आणि ती एकदा ठरली की भांडणे कमी होतात. मिश्र कळपात दांडग्या, खाण्याला पुढे सरसावणाऱ्या ऱ्होड आयलंड रेड बहुधा वरच्या पायऱ्या घेतात, तर सिल्की आणि पोलिश तळाला राहतात. पोलिशच्या झुपक्यातील पिसे इतर कोंबड्या उपटतात, आणि रक्त दिसले की सगळ्याच त्या जागी चोच मारू लागतात. असीलची तऱ्हा वेगळी. झुंजीसाठी वाढवलेल्या या जातीची पिल्लेही काही आठवड्यांचीच असताना एकमेकांवर तुटून पडतात, त्यामुळे दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत. मात्र हाच पक्षी माणसाच्या हाती बहुधा शांत असतो, आणि असीलची मादी पिल्लांची कडवी राखण करते. झुंज लावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यावर धावणारा, पण स्वतःला हाताळू देणारा कोंबडा हवा होता, आणि त्याला तो मिळाला.

चरण्याच्या सवयींतही निवडीची खूण दिसते. समोर फुकटचे धान्य असतानाही रानकोंबड्या काही अन्न उकरून, शोधूनच मिळवतात. स्वीडनमधील संशोधकांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले, तेव्हा लेगहॉर्न कोंबड्यांनी ही खटपट रानकोंबड्यांच्या मानाने कमी केली. पाळीव जातींमध्ये लेगहॉर्न चरायला चपळ समजली जाते, तिचीही ही स्थिती. कोचिनच्या तर पायांवरही दाट पिसे असतात. ती उकरते थोडे, बसते जास्त, आणि चिखलात तिचे हाल होतात.

अर्थात जात म्हणजे केवळ सरासरी. एकाच खुराड्यातील दोन लेगहॉर्न सारख्या नसतात, आणि पहिल्या काही दिवसांत रोज हातात घेतलेली पिल्ले माणसाला कमी भितात, मग जात कोणतीही असो. अशी हाताळलेली लेगहॉर्न मोठेपणी हातातले दाणे टिपते, बोलावल्यावर धावतही येते. दार जोरात आपटले, की मात्र तीच सर्वांत आधी कुंपणावर चढलेली दिसते, आणि शेजारची ऑरपिंग्टन मान वर करून पुन्हा दाणे टिपू लागलेली असते.