चिमण्या मोजल्या कुणी? पक्ष्यांच्या आकड्यांची सव्वाशे वर्षं

दर वर्षी २० मार्चला चिमणी दिन आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो, चिमण्या संपल्या, मोबाइल टॉवरने खाल्ल्या. (हा दिवस २०१० पासून सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे, ते मात्र त्या मेसेजमध्ये कधीच नसतं.) आणि २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की गेल्या २५ वर्षांत देशभराचं मिळून बघितलं तर चिमणी साधारण स्थिर आहे, फक्त मुंबई-दिल्लीसारख्या सहा महानगरांत कमी होत चाललीय. यावर लोकांचा पहिला प्रश्न, मोजल्या कुणी? प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर एकेक चिमणी कुणीच मोजली नाही, तरी ते वाक्य हवेतलं नाही. हे कसं काय जमतं हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेत १९ व्या शतकात नाताळच्या दिवशी एक खेळ चालायचा, दोन टोळ्या बंदुका घेऊन रानात जायच्या, ज्यांचा मेलेल्या पक्ष्या-प्राण्यांचा ढीग मोठा ते जिंकले. न्यूयॉर्कच्या म्युझियममधले फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात सुचवलं की मारू नका, नुसते मोजा. पहिल्या वर्षी २७ जण, २५ ठिकाणं, साधारण ९० जाती. ही गणना आजही दर वर्षी होते. पण यातला घोळ लवकरच लक्षात आला, जिथे जास्त लोक गेले तिथे जास्त पक्षी 'सापडले'. म्हणजे पक्षी वाढले की माणसं वाढली? म्हणून मग किती गट, किती तास फिरले हे लिहायला लागले आणि आकड्याला तासांनी भागायला लागले. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली पहिली शहाणपणाची गोष्ट तीच, पक्ष्यांबरोबर मोजणाऱ्याचीही नोंद ठेवणं.

दुसरा धक्का कीटकनाशकांचा. १९६० च्या आसपास डीडीटीने पक्षी मरतायत अशी ओरड सुरू झाली पण 'आधी किती होते' हे कुणालाच सांगता येईना. ब्रिटनमध्ये १९६२ साली हौशी लोकांनी ठरलेल्या शेतात नाहीतर जंगलात पुन्हा पुन्हा जाऊन कुठला नर कुठे गातो ते नकाशावर मांडायला सुरुवात केली. मेहनतीचं काम, पण जागा लोकांनी आपापल्या सोयीने निवडलेल्या, त्यामुळे दक्षिण इंग्लंडबाहेरचं चित्र कच्चंच राहिलं. अमेरिकेत चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ ला वेगळी पद्धत सुरू केली आणि ती मला जास्त आवडते कारण त्यात माणसाच्या लहरीला जागाच कमी. सुमारे ४० किमीचा रस्ता, तो कुठला हे तुम्ही नाही ठरवायचं, चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू, ५० थांबे, प्रत्येक ठिकाणी फक्त ३ मिनिटं, जे दिसलं ऐकू आलं ते लिहायचं आणि पुढे. पुढच्या वर्षी परत तोच रस्ता. हा आकडा म्हणजे एकूण पक्षी नाहीत, तो निर्देशांक आहे, शेअर बाजाराच्या सेन्सेक्ससारखा, वर जातोय की खाली ते कळतं. आकडेमोड करणाऱ्यांना नंतर हेही सापडलं की नवीन माणूस पहिल्या वर्षी जरा कमी मोजतो, मग तेही हिशेबात धरायला लागले.

मग खरे किती हे कसं काढायचं? ब्रिटनने १९९४ ला १ किमीचे चौकोन चिठ्ठी पद्धतीने निवडले आणि पक्षी दिसला तो २५ मीटरच्या आत की १०० च्या आत की त्याहून लांब, एवढं लिहायला लावलं. जवळचे सगळे दिसतात, लांबचे सुटतात, ते अंतराप्रमाणे किती सुटतात याचा अंदाज निघाला की न दिसलेलेही धरता येतात. डोक्याला जरा ताण देणारी गोष्ट आहे, पण एकदा कळली की मजा येते.

आपल्याकडे असं काटेकोर करायला तेवढी माणसंच नव्हती. १९८७ पासून जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणवठ्यांवर. मी एकदा अशाच एका तलावावर गेलो होतो, वारकरी पक्ष्यांचा थवा समोर, मी ५० चा एक गठ्ठा धरून नजरेने गुणाकार करत ४०० म्हटलं, शेजारचे काका ६५० म्हणाले, आणि दोघंही ठाम. शेवटी परत मोजलं तोवर निम्मे उडाले.

खरा बदल यादीमुळे झाला. ईबर्ड, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकायची वेबसाइट, २००२ ला अमेरिकेत सुरू झालं, भारतात २०१३ ची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही हौशी लोकांची पक्षीगणना आली आणि लोक १५ मिनिटांच्या याद्या टाकायला लागले. त्यात शेवटी एक साधा प्रश्न असतो, ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं की त्या यादीत चिमणी नसणं हीसुद्धा माहिती झाली! नुसता भारी पक्ष्याचा फोटो टाकणाऱ्याकडून हे शून्य कधीच मिळत नाही. मग दर शंभर पूर्ण याद्यांपैकी कितीत चिमणी आहे हे बघायचं, यादी लांब असेल तर पक्षी सापडण्याची शक्यता जास्त हे धरून दुरुस्ती करायची. जुन्या लोकांनी वह्यांमधली टिपणं चढवली म्हणून २००० च्या आधीचा काळही तुलनेला मिळाला, नाहीतर चिमणीबद्दल काही बोलताच आलं नसतं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्याच अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत ३०,००० लोकांच्या ३ कोटींच्या आसपास नोंदी होत्या, ९४२ जाती तपासल्या. पण लांब पल्ल्याचा कल सांगता आला फक्त ३३८ जातींचा, त्यातल्या ६० टक्के घटल्यात. मोर आणि कोकीळ वाढले, आपला नीलकंठ इतका घसरला की त्याचा धोक्याचा दर्जा पुन्हा तपासा अशी शिफारस करावी लागली. उरलेल्या ६०० हून जास्त जातींचं काय, तर माहिती पुरेशी नाही. कारण लोक रविवारी जातात, शहराजवळच्या तलावावर जातात, घुबडासाठी रात्री तीनला कोण उठतंय. केरळने यावर २०१५ ते २०२० मध्ये उपाय करून बघितला, राज्याचे चौकोन पाडले, त्यातले काही चिठ्ठीने निवडले आणि हजारावर स्वयंसेवकांना तिथेच पाठवलं, पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या हंगामात एकदा.

आणि जगात एकूण पक्षी किती? २०२१ मध्ये याच याद्यांवरून सुमारे ५० अब्ज असा अंदाज निघाला, त्यात चिमणी १६० कोटींच्या आसपास म्हणजे पहिला नंबर. पण अनिश्चितता इतकी प्रचंड की खरा आकडा कित्येक पटींनी इकडे-तिकडे असू शकतो, हे त्या अभ्यासकांनी स्वतःच लिहिलंय, बातम्यांमध्ये मात्र फक्त ५० अब्ज छापून आलं.